ईटीएच० वरचा रूल आणि डब्ल्यूजी० वरचा रूल : पॅकेट एकच, तपासणी दोनदा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, २०२१ च्या जुलैत परत आलं, आणि दुसऱ्या वेळेनंतर माझ्याकडच्या एका फाउंड्रीच्या मालकांनी ठरवलंच की रस्ता बंद झाला तरी पगार आणि बिलं थांबायची नाहीत, अकाउंटंट मॅडम कळंब्यातून घरूनच काम करतील. मी फाउंड्रीची लॅन आणि इंटरनेट यांच्या मधल्या सर्व्हरवर वायरगार्ड टाकलं, म्हणजे घरच्या लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंत एन्क्रिप्टेड टनेल करणारं व्हीपीएन. लिनक्स कर्नलमध्ये ते ५.६ पासून, म्हणजे मार्च २०२० पासून आहेच. ईटीएच० वर, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटकडच्या इंटरफेसवर, फायरवॉलमध्ये वायरगार्डचा यूडीपी पोर्ट ५१८२० उघडला, पिंगला लागणारं आयसीएमपी आधीपासून सगळीकडून चालू होतं, त्यामुळं मॅडमच्या लॅपटॉपवरून सर्व्हरचा टनेलमधला पत्ता १०.८.०.१ लगेच पिंग व्हायला लागला, पण टॅलीच्या मशीनचं रिमोट डेस्कटॉप काही केल्या उघडेना. पोर्ट तर उघडलाय, मग अडतंय कुठं?

हा घोळ लई जणांचा होतो म्हणून सविस्तर लिहितोय.

फाउंड्रीच्या गेटवर ताडपत्री बांधलेला ट्रक आला की वॉचमन गाडी नंबर आणि गेटपास बघतो, आत काय आहे ते त्याला दिसत नाही. माल दिसतो स्टोअरमध्ये, ताडपत्री सोडल्यावर, आणि तिथं स्टोअरवाला चलनाशी ताडून बघतो. फायरवॉलमध्ये हेच होतं, फक्त दोन्ही माणसं एकाच मशीनमध्ये बसलेली असतात.

बाहेरून जे येतं ते ईटीएच० वर येतं. सोर्स मॅडमच्या घरच्या ब्रॉडबँडचा पब्लिक आयपी, डेस्टिनेशन आपला पब्लिक आयपी, यूडीपी ५१८२०, बाकी सगळं एन्क्रिप्टेड. हे पॅकेट खुद्द सर्व्हरसाठी आहे, म्हणून ते फायरवॉलच्या इनपुट चेनमधून, म्हणजे सर्व्हरसाठी आलेल्या पॅकेटांच्या रूलांच्या यादीतून जातं. वायरगार्ड ते उघडतं, आणि आतलं पॅकेट जणू नव्यानं आलंय अशा थाटात डब्ल्यूजी० वर, म्हणजे वायरगार्डनं तयार केलेल्या आभासी इंटरफेसवर येतं. आता सोर्स १०.८.०.५ (मॅडमचा टनेलमधला पत्ता), डेस्टिनेशन १९२.१६८.१०.२० (टॅलीचं मशीन), टीसीपी ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट). हे सर्व्हरसाठी नाही, पलीकडच्या मशीनसाठी आहे, म्हणून हे फॉरवर्ड चेनमधून जातं. मी इनपुट उघडलेलं, फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप होती, म्हणजे ज्याला रूल नाही ते सगळं टाकून द्यायचं. पिंग सर्व्हरपर्यंतच जात होतं म्हणून चाललं, इतकंच. कनेक्शन ट्रॅकिंगमध्येसुद्धा, म्हणजे फायरवॉल चालू कनेक्शनांची जी यादी ठेवतं तिथं, या दोन्हींच्या वेगवेगळ्या नोंदी असतात, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. उत्तर परत जाताना उलटा क्रम, आधी आतलं पॅकेट फॉरवर्डमधून डब्ल्यूजी० कडं, मग एन्क्रिप्ट होऊन यूडीपी म्हणून आउटपुटमधून ईटीएच० ला.

म्हणजे ईटीएच० वर ३३८९ चा रूल लिहून टनेलमधला ट्रॅफिक ना उघडतो ना बंद होतो, आणि कुठला पब्लिक आयपी ब्लॉक करायचा असेल तर तो डब्ल्यूजी० वर लिहून उपयोग शून्य, कारण तिथं तो पत्ता दिसतच नाही.

त्या दिवशी घाईत मी फॉरवर्डमध्ये डब्ल्यूजी० वरून येणारं सगळं अॅक्सेप्ट केलं. चाललं. रात्री घरी बसून विचार केला तेव्हा पोटात गोळा आला, कारण त्या लॅनमध्ये फर्नेसचा पीएलसी, म्हणजे फर्नेस चालवणारा कंट्रोलर आहे, त्याच्याशी बोलायच्या मॉडबस प्रोटोकॉलचा ५०२ पोर्ट उघडा, पासवर्ड वगैरे काही नाही, आणि आता मॅडमच्या घरच्या लॅपटॉपवरून, ज्यावर पोरं गेम खेळतात, तिथपर्यंत सरळ रस्ता झालेला. टनेल एन्क्रिप्टेड आहे म्हणजे मधे कुणी वाचू शकत नाही. टनेलच्या टोकाला बसलेलं मशीन स्वच्छ आहे असं त्यातनं अजिबात सिद्ध होत नाही. सकाळी पहिलं काम केलं ते रूल बदलायचं : १०.८.०.५ वरून फक्त १९२.१६८.१०.२० च्या ३३८९ ला, शिवाय एस्टॅब्लिश्ड-रिलेटेड (आधीच सुरू झालेल्या कनेक्शनची पॅकेटं), बाकी ड्रॉप.

इथं कुणीतरी म्हणणार, वायरगार्डच्या सेटिंगमध्ये अलाउड आयपीज दिलेत की, मग फायरवॉल कशाला? अलाउड आयपीज एवढंच बघतं की या कीनं उघडलेल्या पॅकेटचा सोर्स पत्ता त्या पीअरच्या (टनेलच्या पलीकडच्या मशीनच्या) यादीत आहे का, आणि जाताना कुठला पत्ता कुठल्या पीअरकडं पाठवायचा. पोर्ट त्याला माहीत नाही, डेस्टिनेशनवर बंदी ते घालत नाही. आणि यादीबाहेरच्या सोर्सचं पॅकेट तिथंच टाकलं जातं, डब्ल्यूजी० वर येतच नाही, त्यामुळं फायरवॉलच्या लॉगमध्ये शोधत बसू नका.

कुठं अडलंय ते बघायला टीसीपीडम्प, म्हणजे इंटरफेसवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम, दोन्हीकडं लावा. ईटीएच० वर यूडीपी लेंथ १४८ दिसली की तो हँडशेकचा (टनेल जोडायच्या ओळख-पटवणीचा) पहिला निरोप, ९२ दिसली की उत्तर. नुसतेच १४८ दर पाच-एक सेकंदाला यायला लागले आणि ९२ जात नसेल तर एक तर की चुकलीय नाही तर इनपुटमध्ये ड्रॉप होतंय. लक्षात ठेवा, आत येणारं पॅकेट टीसीपीडम्पला फायरवॉलच्या आधी दिसतं, तेव्हा ‘दिसतंय म्हणजे पोचलं’ असं धरू नका. हँडशेक झालाय, डब्ल्यूजी० वर पॅकेट दिसतंय आणि लॅनच्या ईटीएच१ वर ते बाहेर पडत नाही, तर जवळपास नेहमी फॉरवर्ड, नाही तर मशीनवर आयपी फॉरवर्डिंगच बंद.

पिंग होतंय, लॉगिन होतंय पण मोठी फाईल अडकते, असं असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल साईज (बाइटमध्ये) बघा. डब्ल्यूजी० चा १४२०, बाहेरचा १५००. फॉरवर्डमध्ये एमएसएस क्लॅम्प लावा, म्हणजे टीसीपीचे तुकडे टनेलमध्ये मावतील एवढेच होतील, आणि ‘फ्रॅग्मेंटेशन नीडेड’ वालं आयसीएमपी अडवू नका.

जुन्या पद्धतीच्या आयपीसेक या दुसऱ्या व्हीपीएनवरून आलेल्यांचा गोंधळ मात्र रास्त आहे. तिथं वेगळा इंटरफेसच नसतो. ईएसपी, म्हणजे आयपीसेकचं एन्क्रिप्टेड पॅकेट (प्रोटोकॉल ५०), ईटीएच० वर येतं, आणि उघडल्यावर आतलं पॅकेटसुद्धा ईटीएच० वरूनच आल्यासारखं दिसतं. ‘बाहेरून १९२.१६८ चा सोर्स आला तर ड्रॉप’ हा चांगला रूल तिथं आपल्याच दुसऱ्या ब्रँचला अडवतो. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलचे रूल लिहायच्या टूलमध्ये) पॉलिसी मॅच लावून ‘हे आयपीसेकमधून आलंय’ असं ओळखायला लागतं, किंवा कर्नल ४.१९ पासूनचा एक्सएफआरएम इंटरफेस (आयपीसेकसाठीचा आभासी इंटरफेस) घ्यायचा, मग तिथंही डब्ल्यूजी० सारखं वेगळं नाव मिळतं आणि रूल त्या नावावर लिहिता येतात.