इसेन्शियल ट्रेमर आणि डीप ब्रेन स्टिम्युलेशन : पार्श्वभूमी

'इसेन्शियल ट्रेमर'चे शब्दशः भाषांतर 'आवश्यक कंप' असे केले, तर ते दिशाभूल करते. ज्या विकारामागे दुसरे कारण सापडत नाही, त्याला वैद्यकाच्या जुन्या परिभाषेत 'इसेन्शियल' म्हणत. या नावाआधी 'बिनाइन', म्हणजे निरुपद्रवी, हे विशेषणही दीर्घकाळ चिकटलेले होते. या कंपाने जीव जात नाही, एवढ्यापुरतेच ते खरे होते. हात मांडीवर विसावलेला असताना शांत असतो, पण पेला उचलताच थरथरू लागतो आणि पाणी ओठांपर्यंत पोहोचण्याआधीच सांडते. अशा माणसाच्या आजाराला निरुपद्रवी म्हणणे अन्यायाचेच होते. औषधांनी गुण न आलेल्या अनेकांना शस्त्रक्रियेचा पर्याय उशिरा सुचवला गेला, त्यात या शब्दाचाही वाटा असावा, असे मला वाटते. आता हे विशेषण जवळपास वापरातून गेले आहे.

मेंदूच्या खोल भागातील थॅलॅमस या केंद्राचा लहानसा भाग कायमचा नष्ट करून कंप थांबवण्याची शस्त्रक्रिया १९५०च्या दशकापासून होत होती; मात्र ती दोन्ही बाजूंना केल्यास वाचा बिघडण्याचा धोका मोठा होता. नष्ट करायची जागा अचूक आहे ना, हे पाहण्यासाठी शल्यविशारद आधी तेथे विद्युतप्रवाह देऊन पाहत. सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंदने दिली की कंप थांबतो आणि प्रवाह बंद केला की परततो, या निरीक्षणावरून फ्रान्समधील ग्रेनोबल येथे इलेक्ट्रोड, म्हणजे प्रवाह देणारी बारीक तार, कायमचा आत ठेवण्याचा मार्ग निघाला. हेच डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूच्या खोल भागाचे उत्तेजन. तेथील पहिला अहवाल १९८७चा, तर दीर्घकालीन परिणामांचा १९९१चा. शस्त्रक्रियेत रुग्णाला बहुधा जागे ठेवून कागदावर सर्पिल काढायला सांगतात. प्रवाह योग्य जागी पोहोचला की नागमोडी रेघ डोळ्यांदेखत सुधारते.

१९९७ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली ती मेंदूच्या एकाच बाजूसाठी. हा आजार सहसा दोन्ही हातांना होतो, त्यामुळे ही मर्यादा रुग्णांना जाचक होती. दोन्ही बाजूंच्या उत्तेजनाने बोलण्यावर व तोलावर परिणाम होऊ शकतो, हेही तितकेच खरे.

२०१६ मध्ये अमेरिकेतच केंद्रित अल्ट्रासाउंडला, म्हणजे एका बिंदूवर एकवटलेल्या ध्वनिलहरींच्या उपचाराला, मान्यता मिळाली आणि कवटी न उघडता थॅलॅमसचा तोच भाग नष्ट करणे शक्य झाले. अर्थात एकदा नष्ट केलेली जागा पूर्ववत होत नाही, उत्तेजनाचा प्रवाह मात्र कमी-अधिक करता येतो. काही रुग्णांत हा प्रवाह वाढवूनही काही वर्षांनी कंप डोके वर काढतो. मेंदू उत्तेजनाला सरावतो की मूळ आजारच बळावतो, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.