दास, जीवनानंद

जीवनानंद दास (१७ फेब्रुवारी १८९९ – २२ ऑक्टोबर १९५४) : आधुनिक बंगाली कवी, कथा-कादंबरीकार व निबंधकार. रवींद्रनाथांच्या नंतरच्या बंगाली कवितेवर त्यांच्याइतका खोल ठसा क्वचितच कोणाचा उमटला असेल. परंतु हयातीत त्यांच्या वाट्याला आली ती मोजकी रसिकता, पुष्कळशी टवाळी आणि नोकरीची सततची विवंचना.

त्यांचा जन्म नद्या-खाड्यांच्या बरिशाल (आता बांगलादेश) येथे एका ब्राह्मो समाजी कुटुंबात झाला. वडील सत्यानंद शिक्षक व ब्रह्मवादी या नियतकालिकाचे संपादक होते. आई कुसुमकुमारी स्वतः कवयित्री होत्या आणि बोलण्यापेक्षा करणीने मोठा होणारा मुलगा देशाला कधी लाभेल, असे विचारणारी त्यांची कविता बंगालमधील शाळकरी मुलांना आजही तोंडपाठ असते. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९१९ मध्ये इंग्रजी विषय घेऊन पदवी व १९२१ मध्ये कोलकाता विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवल्यावर ते सिटी कॉलेजमध्ये शिकवू लागले. १९२८ मध्ये ही नोकरी गेली. पुढे बागेरहाट आणि दिल्लीचे रामजस कॉलेज येथे त्यांनी थोडा थोडा काळ काढला. १९३० मध्ये लावण्य गुप्त यांच्याशी विवाह झाल्यानंतरची काही वर्षे तर बेकारीतच गेली. १९३५ मध्ये बरिशालच्या ब्रजमोहन कॉलेजात त्यांना काहीसे स्थैर्य लाभले. फाळणीच्या तोंडावर गाव सुटले ते कायमचे, आणि कोलकात्यात पुन्हा नोकऱ्यांची शोधाशोध सुरू झाली.

झरा पालक (१९२७) या पहिल्या संग्रहावर सत्येंद्रनाथ दत्त व नझरुल इस्लाम या कवींची छाया आहे. खरे जीवनानंद भेटतात ते धूसर पांडुलिपि (१९३६) मध्ये. त्यातील ‘मृत्युर आगे’ ही कविता कवी बुद्धदेव बसू यांच्या कविता या नियतकालिकात आली तेव्हा रवींद्रनाथांनी तिला ‘चित्ररूपमय’ म्हटले. हे विशेषण अचूक असले तरी पुरेसे नाही, कारण जीवनानंदांच्या प्रतिमा डोळ्यांपुरत्या थांबत नाहीत : गवताला वास असतो, अंधाराला स्पर्श असतो, आणि संध्याकाळ दवाच्या आवाजासारखी येते.

‘वनलता सेन’ (१९३५) ही त्यांची सर्वांत लोकप्रिय कविता. हजारो वर्षे पृथ्वीच्या वाटा तुडवणारा निवेदक सिंहलच्या समुद्रापासून मलयाच्या सागरापर्यंत, बिंबिसार आणि अशोक यांच्या धूसर जगात आणि त्याहून दूरच्या अंधारात विदर्भनगरीत भटकून थकतो. त्याला क्षणभर विसावा देते ती बंगालमधील नाटोर गावची वनलता सेन. तिचे केस म्हणजे विदिशेची रात्र, चेहरा म्हणजे श्रावस्तीचे शिल्प, आणि डोळे पाखराच्या घरट्यासारखे. मराठी वाचक ‘विदर्भ’ या शब्दापाशी साहजिकच थबकतो. मात्र ही नावे येथे भूगोल सांगत नाहीत, ती काळाची खोली मोजतात. कवितेचा छंदही याच चालीचा आहे. बंगाली अक्षरवृत्त हे मराठीतील गणवृत्तांपेक्षा ओवी-अभंगांच्या अक्षरसंख्येवर चालणाऱ्या रचनेला अधिक जवळचे असून, चौदा अक्षरांचा जुना पयार छंद लांबवून जीवनानंदांनी आठ, आठ आणि सहा अशी बावीस अक्षरांची ओळ घडवली. तिच्यात दमलेल्या पावलांची लय ऐकू येते.

बुद्धदेव बसूंनी त्यांना ‘निर्जनतम’ कवी म्हटले आणि तेव्हापासून एकांतातला निसर्गकवी ही प्रतिमा रूढ झाली. ती अर्धीच खरी आहे. ‘आट बछर आगेर एक दिन’ या कवितेतला माणूस पत्नी आणि मूल शेजारी असताना, कोणतेही उघड दुःख नसताना, दोर घेऊन अश्वत्थाखाली जातो. कारण कीर्ती, धन, सुबत्ता यांपलीकडचे एक ‘विपन्न विस्मय’ माणसाच्या रक्तात खेळत असते. सातटि तारार तिमिर (१९४८) मध्ये कोलकात्याच्या रस्त्यावर कुष्ठरोगी नळाचे पाणी चाटतो. ‘१९४६-४७’ या कवितेत दंगलीत मेलेले रक्ताच्या नदीतून उठून आपली नावे सांगतात : यासिन, हनीफ, मकबूल, आणि तसेच गगन, बिपिन, शशी. हा कवी आपल्या काळाकडे पाठ फिरवून बसला होता असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

१९३२ मध्ये परिचय या नियतकालिकात आलेल्या ‘क्याम्पे’ या कवितेवर अश्लीलतेचा आरोप झाला आणि शनिबारेर चिठि या नियतकालिकाचे संपादक सजनीकांत दास यांनी त्यांची वर्षानुवर्षे खिल्ली उडवली. १४ ऑक्टोबर १९५४ रोजी रासबिहारी अ‍ॅव्हेन्यूवर ट्रामच्या धडकेने जखमी झालेल्या कवीचा आठ दिवसांनी शंभुनाथ पंडित रुग्णालयात अंत झाला. त्या दिवसांत त्यांच्या उपचारांसाठी खटपट करणाऱ्यांत हेच सजनीकांत होते, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. श्रेष्ठ कविता (१९५४) या संग्रहाला १९५५ मध्ये, मरणोत्तर, साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

रूपसी बांग्ला (१९५७) हे त्यांचे आज सर्वाधिक आवडते पुस्तक त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेच नव्हते. १९३४ च्या सुमारास लिहिलेली ही सुनीते वहीतच राहिली होती. धानसिडी नदीच्या तीरावर माणूस म्हणून नव्हे, तर कदाचित घार किंवा साळुंकी होऊन परत येईन, हे त्यांतील वचन १९७१ च्या मुक्तिसंग्रामात पूर्व बंगालच्या लोकांनी आपलेसे केले. त्यांच्या मागे राहिलेल्या ट्रंकांमध्ये आणखी बरेच अप्रकाशित लेखन होते : अनेक कादंबऱ्या, शंभराहून अधिक कथा आणि रोजनिशा. कवी व डॉक्टर भूमेंद्र गुह यांनी कित्येक दशके ही हस्तलिखिते उतरवून काढली. माल्यवान (१९७३) या कादंबरीत पत्नी माडीवर आणि नायक खालच्या खोलीत राहतो. या गद्यातून दिसणारे घर, पैसा व दुरावा यांचे रुक्ष जग समोर आल्यानंतरच ‘वनलता सेन’मधील दोन घटका विसाव्याची किंमत समीक्षकांना नव्याने उमगू लागली.