नायलॉन तारांची जॅझ गिटार

पोकळ खोक्याच्या स्पॅनिश गिटारवर नायलॉनच्या तारा चढवून, पिक (तारा छेडायची चपटी पट्टी) न वापरता, नखांनी आणि बोटांच्या टोकांनी वाजवलेले जॅझ. ही शैली दुसऱ्या महायुद्धानंतर मुख्यतः अमेरिकेत रुजली आणि वाढली ती ब्राझीलच्या संगीताच्या सोबतीने. या वादकांच्या ध्वनिमुद्रिका चाळल्या की सांबा आणि त्यातून निघालेल्या बोसा नोव्हा या ब्राझिली संगीतप्रकारांशेजारी हमखास नाताळच्या गाण्यांची एखादी तबकडी सापडते. रिओचा समुद्रकिनारा आणि बर्फातली घंटा ही जोडी वरवर विजोड वाटते. पण दोन्ही गोष्टी या वाद्याला मानवल्या त्या एकाच कारणाने, ते म्हणजे त्याचा लहान आवाज.

जॅझमध्ये हा आवाज बराच काळ दोषच मानला गेला. १९३०च्या दशकातल्या मोठ्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीत गिटार ऐकूही येत नसे. ती ठेक्यापुरती उरे. १९३९मध्ये चार्ली ख्रिश्चन क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या ताफ्यात इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला आणि त्यानंतर जॅझ गिटार म्हणजे इलेक्ट्रिक गिटार असे समीकरणच झाले. नायलॉनची तार याच्या नेमकी उलट. आतड्याच्या तारा युद्धकाळात मिळेनाशा झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कचा कारागीर अल्बर्ट ऑगस्टीन याने ती बनवली आणि आंद्रेस सेगोव्हिया या स्पॅनिश वादकाने ती उचलून धरली. तिचा स्वर गोल, मऊ आणि अल्पायुषी असतो. सॅक्सोफोनसारखा तो धरून ठेवता येत नाही. म्हणून वादकाला चाल, सुरावट भरणारे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि खर्ज हे सगळे एका हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत वाटून घ्यावे लागते.

ब्राझीलच्या वादकांना ही वाटणी आधीपासून अंगवळणी होती. त्यांतला लाउरिंदो आल्मेइदा १९४७मध्ये अमेरिकेत आला, स्टॅन केंटनच्या वाद्यवृंदात वाजवू लागला आणि १९५३मध्ये सॅक्सोफोनवादक बड शँकबरोबर त्याने ब्राझिली चाली व जॅझ यांची सांगड घालणारे ध्वनिमुद्रण केले. बोसा नोव्हा हे नाव अमेरिकेत कुणाला ठाऊक होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. (ब्राझीलमध्ये नुसते ‘गितारा’ म्हटले तर इलेक्ट्रिक गिटार समजतात, या वाद्याचे तिथले नाव ‘व्हिओलाउँ’. नाव तसे वाटले तरी ते व्हायोलिन नव्हे.)

शैलीला घराघरांत नेले ते अमेरिकी गिटारवादक चार्ली बर्डने. जन्म १९२५, व्हर्जिनिया. गिटारचे पहिले धडे वडिलांकडून. वॉशिंग्टनमध्ये त्याने सोफोक्लीस पापासकडे क्लासिकल गिटारची तालीम घेतली आणि १९५४मध्ये इटलीतल्या सिएना इथे खुद्द सेगोव्हियापुढे बसून शिकला. जॅझ सोडून क्लासिकलकडे जायचे की नाही हा प्रश्न त्याने फार छान सोडवला: जॅझ ठेवले, वाद्य बदलले. १९६१मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्याच्या त्रिकुटाला लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवले. परतताना बर्डच्या सामानात ब्राझिली तबकड्या होत्या. त्या त्याने सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झला ऐकवल्या आणि १३ फेब्रुवारी १९६२ रोजी वॉशिंग्टनमधल्या ऑल सोल्स युनिटेरियन चर्चच्या सभागृहात, एकाच दिवसात, ‘जॅझ सांबा’ मुद्रित झाला. स्टुडिओऐवजी चर्च निवडले ते तिथल्या घुमाऱ्यासाठी. वादक होते सहा. त्यांत दोन ड्रमर आणि बर्डचा धाकटा भाऊ जीन. पुढच्या वर्षी हा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला. नुसते वाद्यांचे, गायनाविना जॅझ तिथवर क्वचितच पोचते.

बर्डची साथ मात्र थोडी चोख, थोडी ताठ आहे. बोसा नोव्हाचा ब्राझिली गायक-गिटारवादक झुआँव जिल्बेर्तो याचे वादन शेजारी ठेवून ऐकले की फरक कळतो. जिल्बेर्तोच्या ठेक्याला ‘बातीदा’ म्हणतात. अंगठा खर्जाच्या तारांवर सांब्यातल्या सुर्दो या मोठ्या ढोलासारखा संथ, न चुकता चालतो. वरची तीन बोटे एकदम उचलून तांबोरीम या छोट्या चर्मवाद्यासारखे कॉर्ड तोडतात. आणि हे कॉर्ड आघातावर पडत नाहीत, अर्धी मात्रा आधी येतात. आपल्याकडे समेच्या आधी येण्याला अनागत म्हणतात. बोसा नोव्हात ते चमत्कृतीसाठी नाही, तीच त्याची नेहमीची चाल. गाणारा वर आणखी तिसऱ्याच जागी शब्द टाकतो. हे सगळे कुजबुजीच्या पट्टीत. पिकने तारा छेडल्या तर अंगठा आणि बोटे यांचे हे भांडण ऐकूच येणार नाही. बादेन पाउएल, बोला सेते आणि पुढे रोमेरो लुबांबो या ब्राझिली गिटारवादकांनी याच पायावर आपापली इमारत उभारली. त्यातला बादेन पाउएल सर्वांत आक्रमक, त्याच्या हातात हे वाद्य मवाळ राहत नाही.

आता नाताळ. ‘सायलेंट नाइट’ हे गाणे मुळात गिटारचेच आहे: २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातल्या ओबरनडॉर्फच्या चर्चमध्ये योझेफ मोहरचे शब्द आणि फ्रान्झ ग्रुबरची चाल पहिल्यांदा गायली गेली, ती गिटारच्या साथीवर. गोव्यात किंवा वसईत डिसेंबरात गिटार घेऊन घरोघर कॅरल (नाताळची गाणी) गात फिरणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही. शिवाय जॅझला मुळात ओळखीची चाल हवी असते, कारण चाल माहीत असेल तरच वादक तिच्यापासून कुठे दूर गेला हे कळते. नाताळच्या गाण्यांइतकी ओळखीची चाल अमेरिकेत दुसरी नाही. आपल्याकडे व्हॅन शिप्लेच्या हवाईयन गिटारवर सिनेगीते वाजत, तेव्हा ऐकणारा मनात शब्द म्हणत असे. पण ती गिटार गाण्याचे बोट सोडत नसे. जॅझवाला दुसऱ्या फेरीतच ते सोडतो.

बर्डने साठच्या दशकातच एकट्या गिटारवर कॅरल्स मुद्रित केली आणि १९८२मध्ये पुन्हा नाताळचा अल्बम काढला. मधल्या काळात आल्मेइदाबरोबर ‘ब्राझिलियन सोल’ झाला होता. नाताळच्या तबकड्या हा अमेरिकी कंपन्यांचा हंगामी माल असतो आणि त्यातला बराचसा गुळमट. बर्डच्या वादनात ती साखर कमी आहे, कारण कॅरलमधले चार आवाजांचे साधे स्वरमेळ तो क्लासिकल वादकाच्या शिस्तीने वेगळे ठेवतो. नवी गाणी तर जॅझच्या अधिकच जवळची. ‘द ख्रिसमस साँग’ रचणारा मेल टॉर्मे स्वतः जॅझ गायक होता, आणि ते १९४५मध्ये कॅलिफोर्नियाच्या ऐन उन्हाळ्यात लिहिले गेले.

ब्राझीलमध्ये डिसेंबर म्हणजे उन्हाळाच. तिथले सर्वांत गाजलेले नाताळगीत ‘बोआस फेस्तास’ आसिस व्हालेंतीचे, ते १९३३मध्ये ध्वनिमुद्रित झाले. चाल आनंदी मिरवणुकीची, शब्द मात्र सांताक्लॉजची वाट पाहून थकलेल्याचे. गिटारवर वाजवले की शब्द गळून पडतात आणि पोर्तुगीज न येणाऱ्याला उरते ती फक्त मिरवणूक.