मॅक्सच्या जागी मिन टाकून का भागत नाही?

नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या कॉलेजांत प्लेसमेंटची तयारी करताना लीटकोड या कोडिंग सरावाच्या साइटवरचा 104 नंबरचा प्रश्न (ट्रीची जास्तीत जास्त खोली) सुटला की 111 साठी (कमीत कमी खोली) तोच कोड उचलायचा मोह होतो. फक्त मॅक्सच्या (मोठी संख्या निवडणाऱ्या फंक्शनच्या) जागी मिन (लहान निवडणारं). दोन्ही बाजू भरलेल्या ट्रीवर उत्तर बरोबर येतं, म्हणून चूक लपून राहते.

104 मध्ये बायनरी ट्रीची (प्रत्येक नोडखाली डावा-उजवा असे जास्तीत जास्त दोन नोड असलेल्या रचनेची) जास्तीत जास्त खोली हवी, म्हणजे रूटपासून (सगळ्यात वरच्या नोडपासून) सगळ्यात लांबच्या लीफपर्यंत किती नोड लागतात ते. नोड रिकामा असेल तर 0. नाहीतर डाव्या-उजव्या उत्तरांतलं मोठं अधिक 1. एवढंच.

111 मध्ये सगळ्यात जवळचा लीफ हवा. लीफ म्हणजे ज्याच्या खाली दोन्हीकडे काहीच नाही, असा नोड. हीच अट विसरली जाते.

कागदावर काढून बघा. रूट सीताबर्डी, डावीकडे काही नाही, उजवीकडे महाल. महालच्या डावीकडे इतवारी, उजवीकडे सक्करदरा. सक्करदऱ्याच्या फक्त उजवीकडे दिघोरी. लांबचा लीफ दिघोरी, खोली 4. जवळचा लीफ इतवारी, खोली 3. पण नुसता मिन टाकलेला कोड 1 सांगतो! सीताबर्डीची डावी बाजू रिकामी, तिथून 0 आला, मिनने तो उचलला आणि 1 मिळवून परत केला. खरं तर सीताबर्डी लीफ नाहीच. रिकाम्या बाजूचा हा 0 मॅक्समध्ये आपोआप हरतो, मिनमध्ये जिंकतो. सगळा घोळ इथेच आहे.

म्हणून 111 मध्ये मिनच्या आधी दोन अटी लिहा. डावी बाजू रिकामी असेल तर उजवीचं उत्तर अधिक 1, उजवी रिकामी असेल तर डावीचं अधिक 1. दोन्ही भरलेल्या असतील तेव्हाच मिन. लीफसाठी वेगळी अट लागत नाही: पहिलीच अट 0 अधिक 1 देते. सुरुवातीची रिकाम्या नोडची 0 वाली अट मात्र काढू नका.

काही पुस्तकं नोडऐवजी कडा (दोन नोड जोडणाऱ्या रेषा) मोजतात. तिथे 104 च्या रिकाम्या नोडला 0 नाही, -1 द्यावा लागतो. मोजायचं काय, हे इंटरव्ह्यूत आधीच विचारून घ्या.

रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं, वरचे दोन्ही कोड तसेच आहेत) दोन्ही प्रश्नांत सगळे नोड फिरतं. 104 ला ते अटळच आहे. 111 ला मात्र रांग (क्यू) वापरून पातळी-पातळीने उतरलं तर पहिला लीफ दिसताच थांबता येतं. एका सरळ रेषेत वाढलेल्या हजार नोडच्या ट्रीवर तर पायथॉनचं रिकर्शन, मर्यादा मुळातली 1000 च असेल तर, मध्येच एरर देऊन थांबतं. रांगेला ती अडचण नाही.