‘एरेमॉस’ म्हणजे शांत जागा?

बायबलमधला ग्रीक शब्द ‘एरेमॉस’ म्हणजे मनाला शांती देणारा एकांत, असा मजकूर बरीच वर्षं फिरतोय. समज अगदीच निराधार नाही. बायबलमधल्या ‘मार्क’ या पुस्तकात (अध्याय 1, वचन 35) येशू पहाटे प्रार्थनेला अशाच जागी जातो. पण मूळ अर्थ एवढाच : ओसाड, वस्ती नसलेलं.

पडताळायचं तर मार्क 6:35 उघडा. शिष्य म्हणतात, ही जागा ‘एरेमॉस’ आहे. आणि भोवती 5000 पुरुष जमलेले! शांतता कुठली? शिष्यांची काळजी वेगळीच, इथे खायला काही मिळणार नाही, लोकांना गावांत जाऊ द्या. चारच वचनं पुढे तीच माणसं हिरव्या गवतावर बसतात, तेव्हा रखरखीत वाळवंटही नव्हे. बायबलमधल्याच ‘गलतीकरांस’ या पत्रात (4:27) तर नवऱ्याविना एकट्या पडलेल्या बाईलाही हाच शब्द लावलाय.