लेग्रँडाइट ओळखायचा तो रंगावरून नव्हे

मेक्सिकोच्या दुरांगो राज्यात मापिमी गावाजवळ ओहुएला ही शिसे, चांदी आणि जस्ताची जुनी खाण आहे. खनिजसंग्राहकांना ती माहीत आहे तिथल्या जस्ताच्या आर्सेनेटांमुळे (जस्त, आर्सेनिक आणि ऑक्सिजन असलेली खनिजे). त्यांतला अ‍ॅडमाइट मुबलक मिळतो. लेग्रँडाइट मात्र दुर्मिळ, आणि त्याचे पिवळेधमक, लांबट, पंख्यासारखे पसरलेले स्फटिक जगातल्या सर्वांत देखण्या खनिजांत मोडतात. अडचण अशी की अ‍ॅडमाइटही पुष्कळदा पिवळाच असतो.

लेग्रँडाइटचे पहिले वर्णन १९३२ मध्ये ड्रुगमन आणि हे या दोघांनी केले. त्यांचा नमुना ओहुएलाचा नव्हता, तो नुएवो लेऑन राज्यातल्या लांपासोसच्या फ्लोर दे पेन्या खाणीतला होता. लेग्रांड या बेल्जियन खाण अभियंत्याचे नाव खनिजाला मिळाले. पुढे नामिबियातल्या त्सुमेब आणि अमेरिकेतल्या स्टर्लिंग हिल इथेही तो सापडला, पण मोठे स्फटिक ओहुएलाचेच.

रचना पाहू. जस्ताचे दोन अणू, एक आर्सेनेट गट (मध्ये आर्सेनिक, भोवती ऑक्सिजनचे चार अणू), एक हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि पाण्याचा एक रेणू. यातला पाण्याचा रेणू काढला की उरते ते अ‍ॅडमाइटचे सूत्र. उलट हायड्रॉक्सिल अजिबात नाही, पण जस्ताच्या तीन अणूंमागे दोन आर्सेनेट गट आणि पाण्याचे तब्बल आठ रेणू, असे असेल तर तो कोटिगाइट. हाही ओहुएलात मिळतो. वजनाच्या हिशेबात पाण्याचा वाटा (हायड्रॉक्सिलही पाण्यात धरून) अ‍ॅडमाइटमध्ये ३.१ टक्के, लेग्रँडाइटमध्ये ८.९ टक्के आणि कोटिगाइटमध्ये २३.३ टक्के येतो.

खनिजांना रासायनिक घडणीनुसार वर्ग आणि क्रमांक देणारे स्ट्रुन्झ वर्गीकरण इथे याच फरकावर उभे आहे. फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट यांचा मिळून आठवा वर्ग आहे, कारण तिन्ही गटांची घडण चतुष्फलकी असते आणि फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक सहज बसते. या वर्गात पुढे मुख्यतः दोन प्रश्न विचारले जातात: हायड्रॉक्सिलसारखा जादा आयन आहे का, आणि पाणी आहे का? दोन्ही नसतील तर ए विभाग. फक्त जादा आयन असेल तर बी, तिथे अ‍ॅडमाइट. फक्त पाणी असेल तर सी, तिथे कोटिगाइट. दोन्ही असतील तर डी, आणि लेग्रँडाइटचा क्रमांक ८.डीसी.१०. एकाच खाणीतली, त्याच तीन घटकांपासून बनलेली तीन खनिजे केवळ हायड्रोजन कोणत्या रूपात आहे यावरून तीन विभागांत जातात. वर्गीकरणाची ही पद्धत किती नेमकी आहे, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड.

असे खनिज आपल्या कोल्हापूर परिसरात का सापडत नाही? त्याला जस्ताचे आणि आर्सेनिकचे सल्फाइड धातुक एकत्र लागते. स्फॅलेराइट आणि आर्सेनोपायराइट हवा-पाण्याने ऑक्सिडाइज होतात, आम्लधर्मी पाणी तयार होते, भोवतीचा चुनखडक ते आम्ल शमवतो आणि लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेल्या पोकळ्यांत जस्ताचे आर्सेनेट स्फटिकरूप घेते. आपल्याकडचा दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात जस्त आहे ते अत्यल्प आणि विखुरलेले. पोकळ्यांत मिळतात ते स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, कॅल्साइट. राधानगरी-शाहूवाडीकडच्या जांभ्यातला पिवळेपणा लोहाच्या गोएथाइटचा असतो. तेव्हा इथल्या संग्राहकाकडे लेग्रँडाइट येणार तो विकत किंवा अदलाबदलीत, आणि पारख त्यालाच करावी लागणार.

पहिली परीक्षा अतिनील दिव्याची. अ‍ॅडमाइट बहुधा झगझगीत हिरवा उजळतो, त्याचे कारण त्यातले युरेनियमचे अंश. लेग्रँडाइट तसा उजळत नाही. दिवा २५४ किंवा ३६५ नॅनोमीटरचा हवा. स्वस्तातल्या ३९५ वाल्या टॉर्चचा जांभळा उजेडच इतका पडतो की फसगत होते. २५४ चा दिवा डोळ्यांना घातक आहे, संरक्षक चष्मा लावावाच. ही परीक्षा एकाच दिशेने चालते, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे: हिरवा उजळला तर लेग्रँडाइट नाही, पण उजळला नाही म्हणून लेग्रँडाइट ठरत नाही. अ‍ॅडमाइटमध्ये तांबे किंवा लोह असेल तर त्याचाही उजाळा मरतो.

दुसरी परीक्षा वजनाची, आणि आमचा भर हिच्यावर. लेग्रँडाइटचे विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड) सुमारे ४.०, अ‍ॅडमाइटचे सुमारे ४.४. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोन्याच्या दुकानांतून असतो तसा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा सोनारकाटा पुरतो. सुटा स्फटिक आधी कोरडा तोलावा. मग काट्यावर पाण्याचे छोटे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा आणि बारीक दोऱ्याने स्फटिक पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, असा धरावा. काटा दाखवतो ते बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागावे. २ ग्रॅमच्या स्फटिकाला ०.५०० आले तर ४.०, ०.४५५ आले तर ४.४.

०.२ ग्रॅमच्या स्फटिकात हाच फरक ०.०५० आणि ०.०४५ इतका, म्हणजे ५ मिलिग्रॅमवर येतो. ०.०१ ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी. शिवाय चुका एकाच बाजूला झुकतात: स्फटिकाला हवेचा बुडबुडा चिकटला, तो तळाला टेकला किंवा त्याला सच्छिद्र लिमोनाइट (गंजासारखे लोहखनिज) लागलेला असला, तर तिन्ही वेळा उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते. म्हणजे साधा अ‍ॅडमाइट लेग्रँडाइट भासतो. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात. आधी स्वच्छ गारेचा (क्वार्ट्झचा) स्फटिक तोलून २.६५ येते का पाहावे. येत नसेल तर पद्धतीत खोट आहे.

कठिनतेतही फरक आहे, लेग्रँडाइट ४.५ ते ५ आणि अ‍ॅडमाइट ३.५. पण ओरखडा काढला की आर्सेनिकयुक्त भुकटी उडते आणि नमुना खराब होतो. कोळशावर तापवून लसणासारखा वास घेण्याची जुनी परीक्षा तर कोणीही करू नये, कारण त्यात आर्सेनिक ऑक्साइडची विषारी वाफ निघते.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरचे ईडीएस विश्लेषण (नमुन्यातली मूलद्रव्ये मोजणारे) मागू नये. त्याला हायड्रोजन दिसत नाही, आणि जस्त-आर्सेनिकचे प्रमाण दोन्ही खनिजांत २:१ च आहे. स्फटिकातली अणूंची मांडणी दाखवणारे एक्स-रे डिफ्रॅक्शन मागावे: स्फटिकरचनेने लेग्रँडाइट एकनत, अ‍ॅडमाइट समचतुर्भुजी, त्यामुळे आलेख साफ वेगळे येतात. अवरक्त वर्णपटात पाण्याच्या रेणूची १६०० प्रति सेंटिमीटरच्या आसपासची पट्टी लेग्रँडाइटमध्ये येते, अ‍ॅडमाइटमध्ये येत नाही. मात्र नमुन्याची भुकटी ज्यात मिसळून चकती दाबतात ते पोटॅशियम ब्रोमाइड नीट वाळवलेले नसेल तर हवेतला ओलावा शोषून तेच ही पट्टी दाखवते, आणि कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये हा धोका मोठा. त्यामुळे नुसत्या ब्रोमाइडच्या चकतीचा वर्णपट सोबत घ्यायला सांगावे.

नमुना झाकणाच्या डबीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा, आम्लाने धुऊ नये, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. चिठ्ठीवर खाणीचे नाव आणि मोजलेले गुरुत्व, दोन्ही लिहावे.