डीएच_ऑटो_इन्स्टॉल की डीएच_इन्स्टॉल? आधी टप्पा ओळखा

डेबियन लिनक्ससाठी पॅकेज बांधताना डेबहेल्पर हा टूलसंच ‘डीएच_’ने सुरू होणाऱ्या कमांड टप्प्याटप्प्याने चालवतो. बिल्ड अडला की सगळे ‘डेबियन/रूल्स’ ही बिल्डच्या सूचनांची फाइल उघडतात आणि ओव्हरराइड, म्हणजे एखाद्या टप्प्याच्या जागी चालणाऱ्या स्वतःच्या कमांड, लिहायला घेतात. पण नावं इतकी सारखी आहेत की तो भलत्याच टप्प्यावर लिहिला जातो.

डीएच_ऑटो_इन्स्टॉल हा मूळ प्रकल्पाचा टप्पा. साध्या मेकफाइलवाल्या (‘मेक’ या टूलसाठी सूचनांची फाइल असलेल्या) प्रकल्पात तो त्यांचंच ‘मेक इन्स्टॉल’ चालवतो. सोबत डेस्टडिर (फाइली ज्या तात्पुरत्या फोल्डरखाली ठेवायच्या ते) देतो, त्यामुळे फाइली चालू सिस्टिममध्ये न जाता डेबियन फोल्डरखाली जमा होतात. त्यानंतरचा डीएच_इन्स्टॉल मात्र पूर्णपणे पॅकेज करणाऱ्याचा. ‘मेक इन्स्टॉल’शी त्याला काही देणंघेणं नाही. .इन्स्टॉल फाइलीत तुम्ही जे लिहाल, तेवढंच तो उचलून त्या पॅकेजच्या फोल्डरमध्ये ठेवतो.

समजा ‘गणक’ नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे आणि त्याच्या मेकफाइलीत प्रीफिक्स (फाइली ज्या मूळ फोल्डरखाली बसवायच्या ते) /यूएसआर/लोकल आहे. बिल्ड पडतो तो बराच पुढे, यूएसआर/लोकलमधली फोल्डरं हाताळणाऱ्या डीएच_यूएसआरलोकलपाशी: यूएसआर/लोकल/बिन/गणक ही ‘डिरेक्टरी नाही’ अशी तक्रार येते. इथे .इन्स्टॉल फाइलीशी खटपट करून उपयोग नाही, कारण फाइल चुकीच्या जागी ठेवली ती ऑटोवाल्या टप्प्याने. ओव्हरराइड_डीएच_ऑटो_इन्स्टॉल लिहायचा आणि खाली टॅब देऊन (स्पेस चालत नाहीत, रूल्स ही मेकफाइलच आहे) एवढी ओळ:

डीएच_ऑटो_इन्स्टॉल -- प्रीफिक्स=/यूएसआर

बरेच जण या जागी थेट ‘मेक इन्स्टॉल’ लिहितात. मग डेस्टडिर गळतो आणि बिल्ड खऱ्या /यूएसआरमध्ये लिहू पाहतो.

उलट बाजूचा घोळ जास्त छळतो. सोर्समधून एकच पॅकेज निघत असेल तर फाइली थेट डेबियन/गणकमध्ये पडतात आणि .इन्स्टॉल फाइलीची गरजच भासत नाही. कंट्रोल फाइलीत (पॅकेजांची नावं असलेल्या) ‘गणक-डॉक’ हे दुसरं पॅकेज जोडलं की त्याच फाइली डेबियन/टीएमपीमध्ये जाऊ लागतात. तिथून कुठली फाइल कुठल्या पॅकेजात घालायची हे कोणी सांगितलेलंच नसतं. कुठल्याच पॅकेजात न गेलेल्या फाइली शोधणारा डीएच_मिसिंग कॉम्पॅट 12 मध्ये (कॉम्पॅट म्हणजे पॅकेजने निवडलेली डेबहेल्परच्या वागण्याची पातळी) फक्त यादी दाखवायचा, आणि रिकामं पॅकेज तयार व्हायचं. 13 पासून तो बिल्डच थांबवतो, आणि माझ्या मते हे उत्तम झालं. त्याला रिकाम्या ओव्हरराइडने गप्प करू नका. ‘डेबियन/गणक.इन्स्टॉल’मध्ये यूएसआर/बिन लिहा, डॉक्युमेंटेशनचा पाथ दुसऱ्या पॅकेजच्या .इन्स्टॉलमध्ये, आणि जे मुद्दाम वगळायचंय ते ‘डेबियन/नॉट-इन्स्टॉल्ड’मध्ये.

.इन्स्टॉलच्या ओळीत एकापेक्षा जास्त शब्द असतील तर शेवटचा शब्द नेहमी फोल्डर असतो, हेही ध्यानात असू द्या. ‘गणक.कॉन्फ ईटीसी/गणक.कॉन्फ’ लिहिलंत तर गणक.कॉन्फ नावाचं फोल्डर तयार होऊन फाइल त्याच्या आत जाते. नाव बदलणं डीएच_इन्स्टॉलच्या आवाक्यात नाही.

मूळ टप्पा जसाच्या तसा ठेवून नंतर एखादीच फाइल हलवायची असेल तर ओव्हरराइडऐवजी एक्झिक्यूट_आफ्टर_डीएच_ऑटो_इन्स्टॉल वापरा, डेबहेल्पर 12.8 पासून ही सोय आहे. मूळ कमांड आपोआप चालते, त्यामुळे ती पुन्हा लिहायची विसरण्याचा प्रश्नच येत नाही. कोणता टप्पा कधी येतो याची शंका असेल तर ‘डीएच बायनरी --नो-ॲक्ट’ चालवा, काहीही न बदलता सगळा क्रम समोर येतो.